विहिरीपाशी नाव घ्यायचं नाही

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकटीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडे सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तसं ते नाही, पण ते खाली येईलच. आधी तुझं. लॉन्ड्रीत दिवसभर इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहून तुझे पाय सुजत असणार. तू कळवत नाहीस, पण मागच्या पत्रात शेवटी शेवटी तुझ्या ओळी उताराला लागल्या होत्या. आता साठी उलटली, बसून करता येईल असं काम माग. मागितल्याने कुणाच्या अंगाला भोकं पडत नाहीत.

फोन न करता पत्र का लिहिते म्हणशील. फोनवर तुला नको असलेला विषय निघाला की तुला लगेच कामावर उशीर होतो. पत्र अर्ध्यात ठेवलंस तरी ते तुझ्या टेबलावर पडून राहील आणि तुझ्याकडे बघत बसेल.

तर ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? आपली भिंगरी, माझी नात, हिचे गुडघे आत वळायला लागलेत. तिचं नाव भिंगरी का पडलं हे तुला ठाऊक आहे, पोरगी एका जागी ठरायची नाही. आता अंगणात दोन फेऱ्या मारल्या की बसते आणि पाय दुखतात म्हणते. दातांवर तपकिरी पट्टे आलेत. माझ्या बालवाडीतल्या निम्म्या पोरांचे दात तसेच आहेत. आणि आम्ही आपले, पोरं दात घासत नाहीत म्हणून ओरडत होतो.

मागच्या महिन्यात पाण्याच्या ऑफिसातून एक जण आला. गावभर फिरून बाटल्यांत पाणी भरून घेऊन गेला, म्हणून त्याचं नाव बाटलीवाला. परवा तो निकाल घेऊन आला. आपण इतकी वर्षं पितो त्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड फार आहे. चव नाही, वास नाही, काही कळत नाही, पण लहान पोरांची हाडं वाकवतं. यंत्र बसवून पाणी शुद्ध करता येतं म्हणाला. शेजारच्या गावात बसवलं ते पहिल्या वर्षीच बंद पडलं, आणि टँकर मनात येईल तेव्हा येतो. मग म्हणाला, तुमच्याकडे तर उत्तम पाणी आहे, ते का नाही पीत? त्याने जुन्या विहिरीचंही पाणी नेलं होतं. ते स्वच्छ निघालं.

ताई, सगळे जमिनीकडे बघत उभे. शेवटी मीच त्याला सांगितलं की त्या विहिरीत ओली बाई आहे. तो हसला. बाकी कुणी हसलं नाही.

तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात. इथे तहान आहे, विहीर खणलेली आहे, आणि मधे तुझी गोष्ट उभी आहे. ती गोष्ट तू सांगितलीस, तूच मोडू शकतेस. एकदा ये, चार लोकांसमोर सांग की ते सगळं पोरांना कठड्यापासून लांब ठेवायला रचलेलं होतं. मी तुला दुसरं कधी काही मागितलेलं नाही. वाटण्यांच्या वेळी तांब्याचं पातेलं मागितलं होतं, तेही तू दिलं नाहीस.

थकू नकोस, रागावू नकोस. रागावलीस तरी उत्तर लिही.

तुझी,
धाकटी


११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. भिंगरीचं वाचून जेवण गेलं नाही. तिला मोठ्या हॉस्पिटलात दाखव, आजच दाखव, गावच्या डॉक्टरच्या गोळ्यांवर राहू नकोस. पातेल्याचं म्हणशील तर ते तू करपवलं असतंस. तुझ्या हातात दूधसुद्धा सरळ तापत नाही.

दुसऱ्या गोष्टीचं उत्तर ‘नाही’ असं आहे.

उंटावरून शेळ्या हाकतेय म्हणशील, तरी सांगते. विहिरीला जाळी बसवा, कठडा छातीएवढा करा, पंप लावून पाणी नळाने आणा. तुझा मुलगा पंप चालवतो ना? मग त्याला सांग. मला बोलावू नका. विहिरीच्या त्या वळणावर मी पाय ठेवणार नाही हे सांगूनच मी गाव सोडलं होतं.

तू लिहिलंस, रचलेलं होतं. रचलेलं होतंच. माझं पोर भरदुपारी त्या विहिरीत गेलं. मी पाणी शेंदत होते, हातात दोर होता, आणि ते पलीकडच्या बाजूला पोटावर आडवं होऊन आत स्वतःचं नाव ओरडत होतं. विहीर परत तेच नाव म्हणायची, त्याला त्याची केवढी मजा वाटायची. तिसऱ्यांदा ओरडलं ते अर्धंच आलं. त्यानंतर कितीतरी दिवस मी बघत होते, बाकीची पोरं तशीच कठड्यावर ओणवी होऊन ओरडतात. सांगून ऐकत नव्हती. मारून ऐकत नव्हती. म्हणून मी त्यांना ओल्या बाईची गोष्ट सांगितली. तिचे हात शेवाळाने हिरवे झालेत, तिला पोर नाही, ती तळाशी कान लावून बसते. कठड्यापाशी ज्याचं नाव घेतलं जाईल ते ती ठेवून घेते, आणि मग एक दिवस त्याच्या आईच्या आवाजात त्याला हाक मारते. त्या दिवसापासून एकही पोर विहिरीकडे फिरकलं नाही. एकही बुडालं नाही. माझ्या हातून जगात तेवढं एक काम नीट झालं आहे. ते मी माझ्या तोंडाने खोटं होतं म्हणून सांगू?

आणि सांगायचंच तर नवं काय सांगू? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? माझ्यात तेवढी एकच गोष्ट होती.

सूनबाईला आणि तान्ह्याला आशीर्वाद. माझ्यावर रुसू नकोस, रुसलीस तरी भिंगरीचं कळवत राहा.

ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रुसायला वेळ नाही. रागावले मात्र आहे, ते आधी लिहून टाकते म्हणजे पुढचं पत्र सरळ येईल. तू मोठी आहेस म्हणून दरवेळी तुझंच दुःख मोठं, हे आता मला पटत नाही. झालं. लिहिलं.

तू सांगितलंस तसं सगळं केलं आहे. गाळ उपसला, जाळी बसवली, दोरापुरती तेवढी मधे जागा ठेवली, कठडा माझ्या छातीला लागतो. पंपाची मंजुरी यायला वर्ष जाईल, तोवर दोर आणि पोहरा. बाटलीवाल्याने औषध टाकून पुन्हा पाणी तपासलं. सगळं ठाकठीक झालं. फक्त पहिला पोहरा कुणी टाकायचा, तेवढंच राहिलं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची ती हीच. ओली बाई वगैरे काही नसतं हे प्रत्येक जण मला एकटीला गाठून सांगून जातो, आणि मग दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

तरी परवापर्यंत माणसं वळत होती. मग रंगारी आला. पाण्याच्या ऑफिसची पद्धत अशी की वाईट पाण्यावर लाल पट्टा, चांगल्या पाण्यावर हिरवा. रंगाऱ्याने बोअरवर लाल मारला, विहिरीच्या कठड्यावर हिरवा मारला आणि जेवायला गेला. उठताना त्या शहाण्याने आधाराला कठड्याच्या माथ्यावर आतल्या काठाशी हात टेकला असणार. दुपारी शाळा सुटली. पोरांनी लांबून, चढावरून पाहिलं तर विहिरीच्या आतून वर आलेला, पाच बोटांचा, ओला हिरवा पंजा.

ताई, तुला हसू येईल. मलाही आलं असतं, पण समोर बायका पोरांना उचलून धावत होत्या. रंगाऱ्याला आणून त्याचा पंजा त्या ठशावर टेकवून दाखवला. बरोब्बर बसला. तरी एक आजीबाई म्हणाल्या, बसणारच, ती कुणाचाही हात घेऊ शकते. आता बोला!

आता संध्याकाळी त्या वाटेने कुणी जात नाही. तू घातलेले नियम तर अजून पाळतातच. विहिरीच्या टप्प्यात कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही, टाळी वाजवतात. गावातल्या एकूण एक पोराला टोपणनाव आहे. बालवाडीत खरं नाव विचारलं तर पोरं आधी खिडकी लावून घेतात. एवढी वर्षं मला त्याचं कौतुक वाटायचं की माझ्या बहिणीची गोष्ट केवढी टिकली. आता त्याच पोरांचे दात बघते आणि आपलेच दात, आपलेच ओठ म्हणून गप्प बसते.

मी स्वतः पोहरा का टाकत नाही, असं तू विचारशील. शेवटी टाकला. पाणी घरी आणलं, उकळलं, भिंगरीला दिलं. शेजारणींनी त्यांच्या पोरांना आमच्या घरी खेळायला पाठवणं बंद केलं. भिंगरीने दुसऱ्या दिवशी पेला पालथा केला आणि म्हणाली, मला हे पाणी नको, मला खेळायला मैत्रिणी हव्यात. तिला समजवायला मी कमी पडले. तू पडली नसतीस.

तुझ्या लोभावर अजून विसंबून आहे.

धाकटी


२ मार्च

ती. मावशीस,
नमस्कार.

मी कधी पत्र लिहीत नाही, त्यामुळे सुरुवात चुकली असेल तर सांभाळून घे. आईला न सांगता लिहितोय.

भिंगरी काल शाळेच्या पायरीवर पडली आणि उठता येईना. मी तिला खांद्यावर घरी आणलं. हलकी आहे गं फार.

मी पंपवाला माणूस. टाकीवर चढतो, पावसात विजेच्या पेटीत हात घालतो, मला कशाची भीती नाही असं सगळे म्हणतात. मागच्या आठवड्यात मी दुपारचा एकटा विहिरीवर गेलो. म्हटलं रोज चार हंडे आपणच भरायचे, सगळ्यांसमोर भरायचे, लोक बघतील आणि येतील. दोर हातात घेतला, पोहरा कठड्यावर ठेवला, आणि हात पुढे जाईनात. मला माहीत होतं की खाली फक्त पाणी आहे. मीच तर उतरून गाळ काढला होता. तेव्हा चारजण बरोबर होते, मोठमोठ्याने बोलत होते. एकटा उभा राहिलो आणि मी पुन्हा सात वर्षांचा झालो.

तेवढ्यात मागे टाळी वाजली. भिंगरी होती, लंगडत माझ्यामागे आली होती. मला बाबा म्हणून हाक मारायला घाबरत होती. मावशी, मी तिला घेऊन परत आलो. पोहरा तिथेच राहिला.

तुला दोष देत नाही. तू नसती सांगितलीस तर आमच्यातलं आणखी कुणी गेलं असतं. त्या दिवशी मला ताप होता म्हणून मी घरी होतो, नाहीतर आम्ही दोघं मिळूनच ओरडायचो. पण एक विचारतो. तो माझ्याएवढाच होता, एका ताटात जेवायचो आम्ही. आता मला त्याचा चेहरा आठवतो आणि नाव तोंडात येत नाही. ठाऊक आहे, पण जीभ वळत नाही. गावात ते कुणी घेत नाही. नव्या पोरांना तर असा कुणी मुलगा होता हेच माहीत नाही, त्यांना फक्त ओली बाई माहीत आहे. तू तिकडे एकटी असताना तरी त्याचं नाव घेतेस का?

उद्या आई भिंगरीला घेऊन जिल्ह्याच्या मोठ्या हॉस्पिटलात जाईल. बाळ घरी आहे म्हणून ही जाऊ शकत नाही. बाळ अजून अंगावर पितं. आणखी काही महिन्यांनी तेही या पाण्यावर येईल, आणि मला रात्र रात्र झोप लागत नाही.

काही कमीजास्त लिहिलं असेल तर कान धर, पण माया पातळ करू नकोस.

तुझा,
पंपवाला


१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहिते, अक्षर वेडंवाकडं येईल. तुझ्याकडून एक ओळही उत्तर नाही. मागच्या पत्रात मी फार बोलले, त्याचा राग आला असेल तर ये आणि समोर उभं राहून दोन थोबाडीत दे, पण अशी गप्प बसू नकोस. लॉन्ड्रीत फोन केला तर म्हणाले, बाई रजेवर आहेत. तू आणि रजा! तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. आजारी आहेस का?

इथले डॉक्टर तरुण आहेत पण नीट बोलतात. म्हणाले, वय लहान आहे, पाणी बदललं आणि औषधं दिली तर पाय पुष्कळ सरळ होतील. दातांचे डाग राहतील. मी विचारलं, पाणी नाही बदललं तर? त्यांनी भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यापेक्षा उत्तर दिलं असतं तर बरं.

इथे पोरगी नळाचं पाणी घटाघटा पिते. रात्री मला म्हणाली, आजी, या नळात कुणी नाही ना? तिला नाही म्हटलं, तरी माझा हात धरूनच झोपली.

तुला आता काही मागत नाही. तू जिवंत आहेस एवढं कळव.

धाकटी


२२ मार्च

चि. धाकटीस,
भिंगरीच्या आजीस, आणि माझ्या भांडकुदळ बहिणीस अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र कुठून लिहिते ते ओळख. डावीकडे एक पाय आखूड असलेलं टेबल आहे, खाली पुठ्ठ्याची घडी. मिठाच्या डब्यात साखर आहे आणि साखरेच्या डब्यात बटणं. असा संसार जगात एकाच बाईचा.

तुझ्या मुलाचं पत्र आलं. त्याने विचारलं होतं, मी एकटी असताना तरी लेकराचं नाव घेते का. मी ते पत्र घेऊन खोलीत दार लावून बसले आणि म्हणून बघितलं. आवाज फुटेना. दुसऱ्यांची पोरं वाचावीत म्हणून मी विहिरीपाशी नावांना बंदी घातली, आणि सगळ्यांत आधी माझ्या पोराचं नाव गिळून बसले. गावाला काय दोष देऊ? मीच त्याला दोनदा बुडवलं. त्या रात्री पुष्कळ रडले. मग रजा मागितली. मालकाला वाटलं माझं कुणी गेलं. म्हटलं, हो, पण आत्ता नाही.

गोष्टीवाली मावशी आली म्हणून गाव जमलं. पाण्यासाठी कुणी आलं नव्हतं, सगळे गोष्टीसाठी आले होते. मी म्हटलं, इथे नाही सांगणार, विहिरीवर चला. कुरकुरले, पण आले आणि लांब उभे राहिले. माझे पाय वळणावरच थांबले होते. तुझ्या मुलाने माझा दंड धरला. कोण कुणाला नेत होतं कोण जाणे.

तू सांगितलंस तशी गोष्ट खोटी होती म्हणून सांगायला तोंड उघडलं, आणि ते जमेना. मग पहिल्यापासून सांगितली, जशी तेव्हा सांगायचे तशी. आणि गंमत बघ, पोरं मला जागोजागी दुरुस्त करायला लागली. ओल्या बाईकडे माशाच्या काट्याचा कंगवा आहे म्हणे! मी कधी दिला नव्हता. तिला हिवाळ्यात खोकला होतो म्हणे! माझ्या पाठीमागे ती बया चांगली नांदली आहे. मी म्हटलं, तुम्हाला एवढं ठाऊक आहे तर सांगा, ती नावं कशाला गोळा करते? कुणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, धाकटे. बोलता बोलता कळलं. म्हटलं, तिला एकच नाव हवं होतं. ते कुणी सांगेना, म्हणून ती दुसरी ऐकत बसली. या विहिरीत एक मुलगा पडला होता. तुमच्याएवढा. त्याला स्वतःचं नाव ऐकायला फार आवडायचं. तो माझा मुलगा.

इतकी वर्षं ज्यांना गोष्ट पाठ होती त्यांना हे माहीत नव्हतं. पोरांचे चेहरे उतरले. मागून एका म्हाताऱ्या बाईने टाळी वाजवली, मला थांबवायला. मी कठड्यावर दोन्ही हात टेकले, जिथे रंगाऱ्याचा पंजा आहे तिथेच, आणि ओणवी होऊन त्याला नावाने हाक मारली. जेवायला बोलावताना मारायचे तशी, शेवटचं अक्षर लांबवून.

विहिरीने ते परत दिलं. अख्खं दिलं, धाकटे. मला वाटत होतं अर्धंच येईल.

मग तुझा मुलगा पुढे आला. त्यानेही तीच हाक मारली, रडत, मोठ्याने, आणि हाक मारता मारताच पोहरा सोडला. मी ओंजळीने प्याले. पाणी गोड आहे. हे मी विसरून गेले होते की ते पाणी गोड होतं.

सगळं गाव हंडे घेऊन धावलं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. त्या दिवशी थोड्याच घरांनी पाणी नेलं, बाकीचे बघून परत गेले. दुसऱ्या दिवशी तुझी शेजारीण आली, दोर धरून बराच वेळ उभी राहिली आणि मग भरून घेऊन गेली. टाळी वाजवणारी म्हातारी अजून माझ्याशी बोलत नाही. होईल हळूहळू. पुरेल इतकी रजा मी वाढवून घेतली आहे, आणि तुझ्या बालवाडीत सध्या मी गोष्टी सांगते. आडात काही नाही म्हणत होते, पण खरवडलं तर निघतं थोडंथोडं.

आता मुख्य. आज सकाळी इस्त्रीची सवय म्हणून तुझ्या चादरी घडी करत होते, तेव्हा विहिरीवरून पोरांचा गलका ऐकू आला. प्रत्येक जण आपापलं नाव ओरडत होता, खरं नाव. मी अनवाणी धावले. बघते तर आया मागे उभ्या, एकेकीने आपलं पोर कठड्याशी उचलून धरलेलं. सगळ्यांची नावं संपली, तेव्हा एका चिमुरडीने माझ्या लेकराच्या नावाने हाक मारली, जसा काही तो त्यांच्यातलाच एक आणि खेळायला यायचा राहिला होता. मी तिथेच खाली बसले.

भिंगरीच्या औषधाच्या वेळा सांभाळ. स्वतः जेव. सूनबाई आणि बाळ बरे आहेत. माझ्यावरचा लोभ कमी झाला असेल तर या पाण्याचा एक हंडा राखून ठेवलाय, त्याने भरून काढ.

तुझी,
ताई

ता. क. भिंगरी घरी आली की तिला विहिरीवर ने आणि तिचं खरं नाव मोठ्याने ओरडू दे. मात्र आधी पदर खोचून घे, आणि ती ओरडत असेल तोवर कुणाशीही बोलू नकोस. तिला कमरेला दोन्ही हातांनी घट्ट धर.